रन-शीटवरचं दुसरं नाव

“गेल्या वेळी चार जण आले होते,” मनोहरराव साल्पेकर पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले.

“त्यातला एक एसी दुरुस्त करायला आला होता, बाबा,” केतकी म्हणाली.

“पण शेवटपर्यंत बसला ना? प्रश्नसुद्धा विचारला.”

“‘शिडी कुठंय’ असा प्रश्न होता.”

केतकीची आई मंगलाबाई स्वयंपाकघरात एवढ्या हसल्या की हातातला झारा खाली पडला. गुरुवारची सकाळ होती. भोपाळच्या सोनागिरीतल्या त्या घरात पोह्यांबरोबर हा वाद वर्षातून दोनदा ठरलेला असे, आणि दोन्ही वेळा तो मनोहरराव हरत, आणि दोन्ही वेळा ते मनासारखेच वागत.

शेजारच्या मोठ्या सरकारी कारखान्याच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये त्यांनी तेहतीस वर्षे काढली होती, आणि तीही मेनफ्रेमवर. मेनफ्रेम म्हणजे कपाटाएवढा कॉम्प्युटर, एकाच वेळी हजारो लोकांची कामे न कुरकुरता उपसणारा. निवृत्तीनंतर त्यांना एकाच गोष्टीने पछाडले होते. जगातल्या मोठाल्या बँका आणि विमा कंपन्या अजून या यंत्रावर चालतात, ते चालवणारे सगळे म्हातारे होत चालले आहेत आणि तरुण पोरे तिकडे फिरकत नाहीत. म्हणून मनोहररावांना जो तरुण भेटेल त्याला ते विचारत, “मेनफ्रेम शिकतोस का?” गॅसचे सिलिंडर आणणाऱ्याला विचारून झाले होते. एका लग्नात त्यांनी खुद्द नवरदेवाला विचारले होते, स्टेजवर, फोटोग्राफर ‘स्माइल’ म्हणत असताना.

शिवाय वर्षातून दोनदा महाराणा प्रताप नगरमधल्या विक्रांतच्या बँक-परीक्षा क्लासच्या हॉलमध्ये त्यांचे मोफत व्याख्यान असे. विक्रांत मूळचा इंदूरचा. मनोहररावांना नाही म्हणणे त्याला आजवर जमले नव्हते. येत्या व्याख्यानाला अजून अडीच आठवडे होते, पण माहितीपत्रक तयार होते आणि कॉलेजात ग्रंथपाल असलेली केतकी नेहमीप्रमाणे लाल पेन घेऊन ते तपासत होती.

“हे ‘मरेपर्यंत नोकरी पक्की’ काढा हो बाबा. कसंतरी वाटतं.”

“कसंतरी काय त्यात? फायदा आहे तो. पहिल्या ओळीत पाहिजे.”

“लोक हसतात तुम्हाला. मला नाही आवडत.”

“हसायला तरी येऊ देत.”

“हसायला कोणी एवढ्या लांब येत नाही,” केतकी म्हणाली. तिने पत्रक टेबलावर ठेवले, डबा उचलला आणि स्कूटर काढली.

दुसऱ्या दिवशी पहाटे, फिरायला निघताना बूट घालता घालता मनोहरराव गेले. उजवा बूट घालून झाला होता.

पुढचे तेरा दिवस केतकीला रडायला सवड कमी आणि चिडायला कारणे जास्त मिळाली. भेटायला येणारा प्रत्येक जण मेनफ्रेमवर बोलून जात होता. एक गृहस्थ म्हणाले, “चला, एआयनं त्यांचं मशीन बुडवलेलं बघायला राहिले नाहीत, सुटले.” दुसऱ्यांनी डोळे पुसून विचारले, “ते कॉम्प्युटरमधले ना? आमचा प्रिंटर चिकटतोय, त्यांच्या ओळखीचं कोणी आहे का?” कॉलनीतल्या शालिनीकाकू मंगलाबाईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “किती हौस होती बिचाऱ्यांना! आणि रिटायर झाल्यावर एक पोरगं लागलं नाही हो गळाला.” केतकीने दात आवळून सगळ्यांना चहा दिला. बाबांना जिवंतपणी लोक हसले ते हसले, आता गेल्यावर त्यांचा विनोद होऊ द्यायचा नाही, एवढे तिने मनाशी पक्के केले.

तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी तिने विक्रांतला फोन लावला.

“रविवारचं व्याख्यान रद्द कर रे विक्रांत.”

“अरे, रद्द कशाला ताई? मी तर उलट त्याला श्रद्धांजली बनवलंय. टेन्शन नका घेऊ, सगळं सेट आहे. जवाहर चौकातून पोस्टर पण छापून आले, काल लावले सुद्धा.”

“कसले पोस्टर?”

“तुम्ही बघाच. फोटो एकदम मस्त आलाय काकांचा.”

केतकी तशीच निघाली. महाराणा प्रताप नगरमध्ये वळल्यावर पहिल्याच खांबावर तिला बाबा दिसले. फोटो खरोखर चांगला होता. त्याला झेंडूचा हार घातलेला होता, दोन बाजूंना दोन समया होत्या, आणि खाली लाल ठसठशीत अक्षरांत लिहिले होते: ‘मेनफ्रेम में आइए! मरते दम तक नौकरी पक्की!’

पुढच्या खांबावरही तेच होते. त्याच्या पुढच्याही. एका खांबाखाली दोन मुलगे उभे राहून पोस्टरचा फोटो काढत होते, आणि हसून हसून त्यांचे हात हलत असल्यामुळे तो नीट येत नव्हता.

“विक्रांत,” क्लासच्या दारातच ती म्हणाली, “हा हार कोणी घातला?”

“कॉम्प्युटरवर घातला ताई. खरा घालायचा तर फोटो पाहिजे होता तुमच्याकडचा.”

“आणि खालची ओळ?”

“ती काकांचीच! त्यांनीच लिहून दिली होती. गेलेल्या माणसाचे शब्द मी कसे बदलणार?” विक्रांत मनापासून दुखावला. “ताई, गेल्या तीन वर्षांत एक फोन आला नव्हता. कालपासून एकशे चाळीस आलेत.”

“हसायला आलेत ते!”

“हसत हसत नावनोंदणी करताहेत ना. बरं, रद्दच करायचं तर माझी ना नाही. पण मुळेकाकांना विचारा. हॉलचा कागद त्यांनी भरलाय.”

अशोक मुळे मनोहररावांचे सेंटरमधले सोबती होते. ग्वाल्हेरचा माणूस, गालात पान आणि काखेत फाइल. सेंटरमध्ये एक शिस्त होती: कोणतेही काम रन-शीटशिवाय सुरू व्हायचे नाही आणि रन-शीटशिवाय थांबायचेही नाही. काय चालवायचे, कधी, कोणी, आणि बिघडले तर काय, हे सगळे त्या कागदावर लिहिलेले असे. माणसे निवृत्त झाली, शीट काही निवृत्त झाली नाही. अशोककाकांच्या मुलीच्या लग्नाचीसुद्धा रन-शीट होती. तिच्यात ‘वरात येणे: ७.१०’ याखाली ‘वरात न आल्यास: पृष्ठ दोन पाहावे’ अशी नोंद होती आणि व्याह्यांनी ती वाचली होती.

“रद्द करायला माझी ना नाही बेटा,” केतकी त्यांच्या घरी पोचली तेव्हा अशोककाका फाइल उघडत म्हणाले. “फक्त कारण भरावं लागेल. खाली छापलीत बघ. वीज नाही, यंत्र बंद, टेप खराब. यातलं कुठलं?”

“काका, माणूस गेलाय.”

“त्याचा रकाना नाही.”

“मग नवीन काढा रकाना!”

“आम्ही तेहतीस वर्षांत नाही काढला.” काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि परत काढला. “अगं, माणूस आजारी पडतो, बदलून जातो, मरतोसुद्धा. म्हणून पगार थांबायचे का लोकांचे? म्हणून तर चालवणाऱ्याच्या खाली दुसरं नाव लिहून घेतात. पहिला नसला की दुसऱ्यानं चालवायचं. मनोहरनंच बसवली होती ही पद्धत.”

“मग त्या दुसऱ्याला बोलवा. त्याच्याशी बोलते मी.”

अशोककाकांनी कागद तिच्याकडे फिरवला. मनोहररावांच्या टाइपासारख्या अक्षरात लिहिले होते: ‘चालवणारा: म. ना. साल्पेकर. त्याच्या जागी: कु. केतकी म. साल्पेकर.’

केतकीने ती ओळ दोनदा वाचली. मग तिचा आवाज असा चढला की बाहेर उभ्या असलेल्या पाणीपुरीवाल्याने मान वळवली.

“हे लिहिताना मला विचारलं होतं कोणी?”

“मला वाटलं मनोहरनं विचारलं असेल.”

“अख्ख्या भोपाळला विचारलं त्यांनी! नवरदेवाला विचारलं! मला नाही विचारलं!”

“आधीच्या दहा शीटांवर पण तुझंच आहे,” काका तिला धीर द्यावा म्हणून म्हणाले आणि एकेक काढून दाखवू लागले.

“म्हणजे अकरा वेळा नाही विचारलं!”

“हे बघ, तुला नसेल जमत तर राहू दे. मी बोलतो रविवारी.”

अशोककाकांचे भाषण केतकीने एकदा ऐकले होते. त्यांनी सुरुवात भोके पाडून यंत्राला भरवायच्या जुन्या पंचकार्डापासून केली होती, आणि ते पहिल्या कार्डाला भोक पाडेपर्यंत लोकांची जेवणे होऊन हात सुकले होते. एकशे चाळीस पोरे, हार घातलेले बाबा आणि माईकवर अशोककाका. हे चित्र तिने डोळ्यांपुढे आणले आणि ती म्हणाली, “द्या तो कागद. मी जाते.”

घरी आल्यावर तिने तो कागद आईपुढे आपटला.

“आई, हे तुला माहीत होतं?”

मंगलाबाईंनी चष्म्याशिवायच वाचल्यासारखे केले. “त्यांचं तसंच गं. मला तरी कधी काय विचारून केलं? हे घर घेतलं तेही घेऊन झाल्यावर सांगितलं.”

“घराचं वेगळं.”

“मग हे कशाचं आहे?” आईने विचारले. केतकी बाबांच्या कपाटातून भाषणाचे कागद काढायला गेली. भाषणाबरोबर ‘अपेक्षित प्रश्न व उत्तरे’ असे एक टाचलेले बाड होते. एकूण बावीस प्रश्न होते. नववा होता: ‘हे यंत्र फार जुने नाही का?’ खाली उत्तर होते: ‘आहे. तुमचे वडीलही आहेत. टाकून दिले का?’

रविवारी अकराला दहा मिनिटे असताना ती हॉलमध्ये शिरली तेव्हा आत दोन प्रकारची माणसे बसलेली होती. विक्रांतने पोस्टर विद्यार्थ्यांच्या सगळ्या ग्रुपवर टाकले होते, आणि हार दिसतो आहे म्हणून कॉलनीच्या ग्रुपवरही टाकले होते. त्यामुळे मागे जीन्समधली दीडशे पोरे, आणि पुढच्या दोन रांगांत पांढऱ्या कपड्यांत, खाली माना घालून बसलेले सोनागिरीचे लोक. टेबलावर फोटो, उदबत्त्या आणि गुलाबाच्या पाकळ्यांचे ताट होते. पाकळ्यांशेजारी नावनोंदणीचे रजिस्टर ठेवलेले होते.

“आधी फूल, मग सही,” शालिनीकाकू टेबलाशी उभ्या राहून पोरांना शिस्त लावत होत्या. “चपला तिकडं काढ रे. मोबाइल नंबर लिही.”

पोरे मुकाट्याने फूल वाहत होती, नमस्कार करत होती आणि सही करून वळत होती. वळल्यावर त्यांना पांढऱ्या कपड्यांतल्या दोन गंभीर रांगा दिसत. हे निवड मंडळ असावे, असा समज पहिल्या पोराने करून घेतला, आणि त्याने प्रत्येकाच्या पाया पडून आपला बायोडाटा दिला. मग सगळेच देऊ लागले. सांत्वनाला आलेल्या माणसांना असल्या वेळी काही बोलायचे नसते एवढेच माहीत होते. ते हात जोडून प्रत्येक बायोडाटा घेत होते आणि उसासा टाकत होते. तो उसासा पाहून पोरांचे चेहरे उतरत होते.

“नंबर नाही लागणार यार,” एक जण दुसऱ्याला सांगताना केतकीने ऐकले. “सर लोक मार्क बघूनच दुःखी होताहेत.”

केतकी माईकपाशी गेली. तिने भाषणाचा पहिला कागद उचलला. “मित्रहो, मेनफ्रेम म्हणजे…”

“मॅडम,” मागून आवाज आला, “ये तो म्यूज़ियम वाली चीज़ है ना?”

मागचा सगळा हॉल हसला. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनाही हसू आवरले नाही. त्यांनी ते रुमालात घेतले. केतकीने फोटोकडे पाहिले नाही. तिने कागद खाली ठेवला.

“नाव काय तुझं?”

“अमेय.”

“अमेय, परीक्षा कशाची देतोयस?”

“बँकेची.”

“बँक कशावर चालते, ते माहितीये? जगातल्या मोठ्या बँकेत रोज रात्री लाखो खाती जुळतात, ती कोण जुळवतं? काउंटरवरचा माणूस? तुझा मोबाइल दोन वर्षांत म्हातारा होतो. हे यंत्र बंद न पडता वर्षानुवर्षं चालतं, त्याचा तुकडा बदलायचा असला तरी ते चालू ठेवून बदलतात. विमानात जागा मिळते, विम्याचा हप्ता भरला जातो, त्या सगळ्यामागे ते आहे, आणि ते कोणाला दिसत नाही, कारण ते बिघडत नाही! जे बिघडतं त्याच्याकडेच तुमचं लक्ष. आणि जो माणूस तेहतीस वर्षं ते चालवत होता तो तुम्हाला फुकट शिकवायला या हॉलमध्ये येऊन बसायचा, तेव्हा कुठं होतात तुम्ही सगळे? हार घातल्यावर आलात!”

केतकीने खडू उचलला आणि ती फळ्याकडे वळली. मेनफ्रेमवर चालणाऱ्या कोबोल भाषेतला प्रोग्रॅम ती लिहू लागली. पहिला भाग, दुसरा भाग, तिसरा, चौथा. प्रत्येक वाक्यानंतर टिंब. एकाही कागदाकडे तिने पाहिले नाही. बाबा बैठकीत कॉलनीतल्या पोरांना शिकवत असताना ती शेजारच्या खोलीत पुस्तक उघडून बसत असे. त्या पुस्तकांतले आता काही आठवत नव्हते, आणि बैठकीतला शब्द न् शब्द आठवत होता. अशोककाका पान चघळायचे थांबले होते.

मग प्रश्न सुरू झाले. पगार किती? भोपाळमध्ये राहून करता येईल का? एआय आल्यावर काय? बावीसपैकी एकोणीस प्रश्न आले आणि एकोणीस उत्तरे तिने दिली. नववे दिले तेव्हा टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत अमेय होता. शालिनीकाकूंनी डोळे पुसले आणि आपल्या हातातला कोणाचा तरी बायोडाटा पहिल्यांदाच वाचून पाहिला. विक्रांत दारातून बोटांनी आकडा दाखवत होता: सव्वीस जणांनी मेनफ्रेमच्या वर्गासाठी नावे दिली होती. केतकीला वाटले, संपले. बाबांचे हसे झाले नाही.

“दीदी, एक विचारू?” चौथ्या रांगेतून एक चश्मिस मुलगी उठली. तिच्या गळ्यातल्या क्लासच्या कार्डावर दीप्ती असे नाव होते. “तुम्हाला हे सगळं इतकं येतं. इतकं भारी पण आहे. घरातच शिकवणारे होते. मग तुम्ही का नाही गेलात यात?”

केतकीने टाचलेल्या बाडाकडे पाहिले. हा प्रश्न बावीसांत नव्हता. तिने अशोककाकांकडे पाहिले. काकांनी नजर फाइलीत घातली.

“मला वाचनाची आवड होती,” केतकी म्हणाली. घरातले हे ठरलेले उत्तर होते. पंचवीस वर्षे पाहुण्यांना तेच दिले जात होते, आणि सगळ्यांना पटतही होते.

दीप्तीला पटले नाही. “पण हे पण वाचायचंच तर आहे ना?” तिने फळ्याकडे बोट केले. ती खाली बसेना.

केतकीने खडू ठेवला. हात पुसायला काही नव्हते म्हणून पदरालाच पुसले.

“मी बारावीत होते त्या वर्षी मेनफ्रेमच्या लोकांना फार मागणी होती,” ती म्हणाली. “सालातले दोनच आकडे लिहायची सवय होती, सन दोन हजार आल्यावर घोटाळा होणार होता, जगभर माणसं पाहिजे होती. बाबांनी कॉलनीतल्या प्रत्येक मुलाला विचारलं. समोरच्या हर्षलला तीनदा विचारलं. त्याचा कल नव्हता, तरी विचारलं. तो आता अमेरिकेत हेच काम करतो. ते बैठकीत विचारायचे तेव्हा मी चहा घेऊन उभी असायचे. मला वाटायचं, आता माझ्याकडे बघतील.”

पुढच्या रांगेत मंगलाबाई बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

केतकी फोटोकडे वळली. माईक हातातच होता; तो बंद करायचे तिला सुचले नाही, त्यामुळे दीडशे पोरांनी आणि सगळ्या सोनागिरीने ते ऐकले.

“बाबा, मला विचारायला पाहिजे होतं तुम्ही. पहिल्यांदा मी नाही म्हटलं असतं, तुमचीच मुलगी आहे. पण दुसऱ्यांदा विचारलं असतंत ना, तर हो म्हणणार होते.”